शेवंतीच्या कार्डाचा कोपरा

३ जानेवारी

करडईच्या फुलाचा ठसा परत बिघडला. खोडरबर मऊ, ब्लेड नवं, तरी काटे म्हणून जे कोरते ते शाईनं भरून जातं अन् कागदावर फुलाऐवजी गोळा उमटतो. सासूबाई शेजारी शेंगा फोडीत होत्या. एक नजर टाकून म्हणल्या, गोखरू केलंस का.

प्राजूचं लगीन २२ फेब्रुवारीला. छापील पत्रिका जिंतूरच्या प्रेसमधून येणार, सगळ्या भावकीची नावं घालून. ती गावाला. घरच्या जवळच्या माणसांना मात्र मी हातानं केलेलं कार्ड देणार, असं पोरीला कबूल केलंय. हे म्हणतेत, छापलेलं असताना हा उद्योग कशाला. ह्यांना जेवण सोडून कशाचंच कौतुक न्हाई.

५ जानेवारी

प्राजूनं परभणीहून जाड कागद पाठवला. मलईच्या रंगाचा, हात लावला तरी श्रीमंत वाटावं असा. दवाखान्यातली ड्युटी संपवून बाजारात गेली म्हणं, नर्सचा ड्रेस न बदलता. कागद मोजकाच हाय, मम्मी जपून वापर, असं फोनवर तीनदा सांगितलं. जशी काय मी उधळीच हाय.

शाई: लाल, निळी, जांभळी. शिक्क्याच्या पॅडची. पिवळी मिळंना, म्हणून हळद पाण्यात कालवून, गाळून, थोडा डिंक घालून बघितली. झेंडू झक्क उमटला. मग भांडी घासता घासता उठले, वाळलं का बघायला साबणाच्या हातानं कार्ड धरलं, तर जिथं बोट लागलं तिथं पिवळं फूल लालभडक. आधी चरफडले. मग सुचलं, सोड्याच्या पाण्यात काडी बुडवून मुद्दाम पाकळीच्या मुळाशी लावली. आता झेंडू आतून लाल, बाहेरून पिवळा, खऱ्यागत. चूक झाली पण कामाची झाली.

८ जानेवारी

कार्डं कुणाकुणाला, ते बोलायला बसलो. माझा भाऊ, ह्यांचे मामा, प्राजूच्या शाळेतल्या दोन बाई, पिंगळीची मावशी. राहिली ती चारठाण्याची आक्का.

आक्का म्हणजे माझी नणंद, ह्यांची मोठी बहीण. सहा वर्षं झाली, या घरात पाऊल टाकलं न्हाई. तिनं तिच्या गजाननसाठी आमची प्राजू मागितली होती. आत्यानं भाची सून करून न्यायची, आपल्यात चालतंच. पण प्राजूला नर्सिंगला जायचं होतं अन् मी म्हणलं, न्हाई. हे काहीच बोलले न्हाईत, ते आक्काला जास्त लागलं. भावानं मला परकं केलं म्हणाली अन् उठून गेली. मी चुकले न्हाई. आज कुणी विचारलं तरी तेच सांगीन. पण आक्काबिगर हे घर अर्धं वाटतं, तेबी खरंच.

सा.बा. म्हणल्या, "लेकीला कार्ड न्हाई धाडत. मूळ धाडायचं असतं. भावानं जावं, कुंकू लावावं, संगं घेऊन यावं."

हे म्हणले, मी येकदा गेलतो. दिवाळीची साडी घेऊन गेलतो, तिनं पाणीसुदिक विचारलं न्हाई, दारातून वापस आलो. परत जाणार न्हाई.

सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई. भाऊबहीण दोघं येकाच मातीचे.

१२ जानेवारी

भेंडी कापून बघितली. आडवी चिरली की आपोआप फूल. पाच पाकळ्या, मधी दाणे. निळ्या शाईत बुडवून कडेनं ओळ ओढली, बघणारीला वाटावं लय मेहनत केली. पण दुपारपर्यंत भेंडी सुकून आवळली अन् फूल वाकडं यायला लागलं. प्रत्येक कार्डाला ताजी भेंडी घ्यावी लागणार. सा.बा.: "भाजीला ठेवशील का न्हाई?"

करडई जमली. काटे कोरायचेच न्हाईत. फूल आधी उमटवायचं अन् काटे मागून निबाच्या पेनानं ओढायचे. येवढी साधी गोष्ट कळायला दहा दिवस अन् चार खोडरबर.

१५ जानेवारी

काल संक्रांत. वाण म्हणून बायकांना एकेक छोटं कार्ड दिलं, तिळाच्या फुलाचं. शेजारची कमल म्हणली, आमी तर प्लास्टिकचा डबा देतो, पीठ तरी ठेवता येतं, ह्या कागदाचं काय करावं बाई. मी म्हणलं, देव्हाऱ्यात ठेव, उंदरं खातील. हसली. पण जाताना सगळ्याजणींनी उलटून पालटून बघितलं अन् एकीनं दोन घेतली. शाळेच्या बाईंनी मुलींच्या निरोपाला कार्डं करून देता का म्हणून विचारलं. लगीन होऊ द्या म्हणलं.

सा.बा. सकाळी तीळगूळ घेऊन बराच वेळ ओट्यावर बसल्या होत्या. कुणाची वाट बघायलेत ते मला ठाऊक हाय.

१८ जानेवारी

ठरवलं. कुणी जात नसेल तर कार्ड जाईल. आक्काला कार्ड करायचं अन् ते सगळ्यात देखणं करायचं.

फूल शेवंतीचं. मी लग्न होऊन आले तेव्हा आक्का गजाननच्या वेळी माहेरी बाळंतपणाला आलेली होती. मला भाकरी थापायला येत न्हवती, कडा फाटायच्या. सा.बा.ची जीभ तेव्हा आजच्यापेक्षा धारदार होती. आक्का म्हणायची, माय, तिची भाकर मी खाते, तू माझी खा. अन् संध्याकाळी अंगणातल्या शेवंतीची वेणी करून माझ्या केसात घालायची. मला सासरी पहिल्यांदा कुणी मायेनं हात लावला तो तिनं.

शेवंतीचा पूर्ण ठसा कोरला तर चिखल होतो. म्हणून एकच पाकळी कोरली, लांबट, टोकाला वाकलेली. जांभळ्या शाईत बुडवून एकदा उमटवायची, मग शाई न लावता तीच परत शेजारी, म्हणजे फिकी येते. मग परत शाई. असं गोल गोल फिरवीत आतून बाहेर यायचं. मान दुखायली, पण फूल कागदावर फुगून आल्यागत दिसायलंय. आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं.

१९ जानेवारी

शेवटाला घोळ. जांभळ्या बाटलीचं झाकण लावताना एक थेंब उडाला, नेमका कार्डाच्या वरच्या कोपऱ्यावर. पुसायला गेले तर पसरला. प्राजूचा कागद संपलाय, दुसरं कार्ड होणार न्हाई. अन् तसलं फूल परत हातातून उतरंल याचा भरवसा न्हाई.

कात्री घेतली, तेवढा कोपरा तिरका कापून टाकला. बरं दिसलं. मुद्दाम केल्यागत.

आत लिहिलं: आक्का, प्राजूचं लगीन हाय. आत्याबिगर पोरीला हळद लागायची न्हाई. झालं गेलं ठेवा बाजूला अन् या. तुमची मंदा.

पाकीट मापाचं न्हवतं. कार्डाच्या कडा खळीनं चिकटवल्या, पाठीमागं पत्ता लिहिला.

२० जानेवारी

पौष संपला. बोरीच्या पोस्टात जाऊन तिकिटं लावली, टाकलं पेटीत. ह्यांना सांगितलं न्हाई. सा.बा.नाबी न्हाई. येताना उगं हलकं वाटत होतं.

२१ जानेवारी

करायला गेले गणपती अन् झाला मारुती.

सकाळी सा.बा. झाडीत होत्या. माझ्या पाटाखाली त्यांना तो कापलेला कोपरा सापडला. चिमटीत धरून माझ्याकडं आल्या. "हे कशाचं?" म्हणलं, कार्डाचं. "कोणत्या?" सांगितलं सगळं. त्यांनी तो कोपरा उंबऱ्याबाहेर भिरकावला.

कोपरा कापलेलं कार्ड म्हणजे मयताचं कार्ड.

मला काहून आठवलं न्हाई? मी लहानपणी स्वतः बघितलंय. आजोबा गेल्यावर वडलांनी ढीगभर कार्डं लिहिली अन् येकेकाचा कोपरा फाडला. तसलं कार्ड आलं की घरात आणीत नसत. बाहेरच वाचून फाडायचं, न्हाईतर न वाचताच टाकायचं, अन् डोक्यावरून अंघोळ करून मगच उंबरा ओलांडायचा. आता सगळं फोनवर कळतं, म्हणून मी विसरले. आक्का विसरणार न्हाई. तिच्या हातात माहेरच्या गावाचं कार्ड पडणार, कोपरा कापलेलं, वर काळपट जांभळं फूल. अन् या घरात ऐंशीच्या पुढचं माणूस एकच.

ह्यांना सांगितलं. तसेच पोस्टात पळाले. थैली कालच जिंतूरला गेली.

फोन लावला. आक्कानं आमचे सगळे नंबर बंद करून ठेवलेत. दाजींचा, म्हणजे आक्काच्या मालकांचा, वेगळा फोन न्हाई, त्या घरात फोन एकच अन् तो आक्काच्या हातात. प्राजूनं परभणीतून लावला, तर आवाज ओळखून कट. मी म्हणलं, मी आत्ताच्या गाडीनं चारठाण्याला जाते.

सा.बा. म्हणल्या, "कुणीबी जायचं न्हाई."

मला वाटलं रागानं म्हणतेत. राग न्हवता. म्हणल्या, "पोचू दे कार्ड. बघू तरी. मी मेले म्हणल्यावर तरी येती का."

आसं कुठं असतंय का, म्हणलं. तर माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. माझी आण हाय तुला. फोन न्हाई, जाणं न्हाई.

२२ जानेवारी

सा.बा.नी सकाळीच डोक्यावरून अंघोळ केली. ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. ओट्यावर घोंगडी टाकून घेतली अन् रस्त्याकडं तोंड करून बसल्या. वरून आमची तयारी करून घेतली. ती आली की पहिल्यांदा मीच दिसले पाहिजे. दचकून पडंल, पाणी तयार ठेव. रडू द्यायचं पोटभर, मधी बोलायचं न्हाई.

मजा वाटायली त्यांना. खरंच. तोंडात दात न्हाईत, पण हसू दिसत होतं. मलाबी थोडं हसू आलं, लपवलं. हे शेतात निघून गेले.

दुपारची गाडी आली. दोन शाळेची पोरं अन् एक म्हातारा उतरला.

२३ जानेवारी

आज वसंतपंचमी. कुणी आलं न्हाई.

मी म्हणलं, कार्डच पोचलं नसंल. पोस्टाचं काय सांगावं. सा.बा. म्हणल्या, चारठाणं काय काशीला हाय.

काम केलं न्हाई. ठसे धुऊन सुकत घातले होते, तसेच पडलेत.

२४ जानेवारी

सा.बा. जेवल्या न्हाईत. रात्रीबी अर्धीच भाकर खाल्ली होती. हिरवं लुगडं सोडून रोजचं नेसल्या. ओट्यावर बसल्या न्हाईत, आत भिंतीकडं तोंड करून पडल्या.

ह्यांनी विचारलं, माय, दवाखान्यात जायचं का. म्हणल्या, "मी मेले तरी माझी लेक आली न्हाई. आता दवाखान्यात काय दाखवावं?"

हे बाहेर येऊन बैलाच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले. बराच वेळ. मला त्यांचा राग आला अन् कीवबी आली. येकदा बहिणीच्या दारात जाऊन वापस आला तर काय हाडं झिजली का माणसाची. अन् ही आक्का. आईच्या मातीला न येणारी बाई कसली. मनात आलं, बरंच झालं प्राजू तिच्या घरात दिली न्हाई.

असं मनात आलं अन् लगेच दुसरंबी आलं. माझी भाकर खाणारी आक्का अशी करणार न्हाई. काहीतरी वेगळं झालंय.

आण मोडते. उद्या जाते. पाप लागलं तर लागू दे, माझंच कार्ड हाय.

२५ जानेवारी, संध्याकाळी

जाऊन आले. आठवंल तसं लिहिते.

जिंतूरला गाडी बदलून चारठाण्याला उतरले. जुन्या देवळापासून आत वळलं की आक्काचं घर. अंगणात लिंबाखाली आक्का खाली बसलेली. केस मोकळे, कपाळ मोकळं. शेजारच्या दोघीतिघी बायका भवताली. चूल थंड. शेजारणीनं भाकरी आणून झाकून ठेवल्या होत्या.

सुतक पाळायली होती. लग्न झालेल्या लेकीला मायचं तीन दिवस. आज तिसरा होता.

मला बघितलं अन् तिनं हंबरडाच फोडला. माझ्या गळ्यात पडली. आपल्याकडं पद्धतच हाय, मयताघरचं माणूस भेटलं की गळ्यात पडून रडायचं, पण ही पद्धतीची न्हवती. सगळं अंग हलत होतं तिचं. मायनं केसाला तेल लावलेलं, मायनं पाठीवर घेऊन ओढा वलांडलेला, असं येक येक काढून रडत होती. अन् मधी मधी माझ्यावर चिडत होती. माय गेली तर माणूस धाडायचा, कार्ड टाकलं. मला शेवटचं तोंड बघू दिलं न्हाई. भिकाऱ्यालाबी कुणी असं कळवत न्हाई.

म्हणून आली न्हवती. मातीला बोलावलं न्हाई, माती झाल्यावर कार्ड टाकलं, असा तिचा समज. दाजी म्हणले, पोस्टमन कार्ड लांबूनच हात करून द्यायला लागला, मान खाली घालून. हिनं कोपरा बघितला अन् खाली टाकून दिलं. मी फोन लावतो म्हणलं, तर म्हणली, लावलात तर माझं मढं बघाल.

म्हणजे इकडं माय नटून लेकीची वाट बघायली अन् तिकडं लेक मायच्या नावानं पाणी सोडायली. अन् हे सगळं माझ्या एका कात्रीनं.

मी म्हणलं, "आक्का, माय जित्ती हाय."

तिला ऐकूच गेलं न्हाई. रडतच होती. परत म्हणलं. शेजारणीनं ऐकलं, ती उठून उभी राहिली. मग आक्का थांबली.

"परत म्हण."

"माय जित्ती हाय. तुमची वाट बघायली. दोन दिवस झाले जेवली न्हाई."

आक्का उठली, हौदावर गेली, तोंडावर पाणी मारलं, केस बांधले. परत आली अन् माझ्या पाठीत एक धपाटा घातला. जोरात. मंग दुसरा. दुसरा हळू होता. मंग तिथंच बसली अन् परत रडायला लागली, पण आता आवाज न्हवता.

मी सगळं सांगितलं. थेंब, कात्री, कागद संपलेला, सगळं. दाजींना हसू आलं, ते तोंड फिरवून गोठ्याकडं गेले. आक्का हसली न्हाई. म्हणली, जित्या मायचं सुतक पाळून घेतलंस तू माझ्याकडून. मी म्हणलं, मला येवढी अक्कल असती तर मी कोपरा कशाला कापला असता. ते तिला पटलं असावं.

कार्ड उकिरड्यावर पडलं होतं. मी आणायला निघाले तर तिनं अडवलं.

"न्हाई वाचायचं मला. काय लिहिलंय ते तोंडानं सांग."

सांगितलं. प्राजूचं लगीन हाय, बावीस तारखेला. आत्याबिगर हळद लागायची न्हाई. या.

तिनं ऐकून घेतलं. बराच वेळ पदराचं टोक पिळत होती. मग म्हणली, "तू त्या घरात बाहेरून आलीस. मी त्या घरातून बाहेर गेले. आपण दोघी येकमेकीला काय बोलवायच्या? ज्याचं घर हाय त्यानं यावं."

मी म्हणलं, ते येत नसतेत, तुमीच वळखता तुमच्या भावाला. तर म्हणली, वळखते म्हणूनच म्हणायले.

चहा केला तिनं. तीन दिवसांनी चूल पेटली त्या घरात. निघताना विचारलं, माय भाकर खाती का भात. दात न्हाईत, भाकर दुधात कुस्करून देते म्हणलं. म्हणली, दूध जास्ती घालत जा, ती लाजंनं मागत न्हाई.

२६ जानेवारी

रात्री थकून झोपले, सा.बा.ना आज सकाळी सांगितलं. शाळेत झेंडा लागला होता, गाण्याचा आवाज घरापर्यंत येत होता. आण मोडली म्हणून आधी मला शिव्या. मंग जवळ बसवून घेतलं.

कशी रडली. काय काय म्हणून रडली. ओढ्याचं म्हणली का? कोणता ओढा म्हणली? परत सांग. तीन वेळा सांगितलं. चौथ्यांदा सांगताना मीच रडले अन् त्या म्हणल्या, तू कामून रडायलीस, मी हाय न्हवं.

मंग म्हणल्या, खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. अन् भाकर मागितली. दूध जास्ती घातलं. बघितलं त्यांनी, अन् वाटी पुसून खाल्ली.

२७ जानेवारी

ह्यांना आक्काचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ज्याचं घर हाय त्यानं यावं. ऐकलं अन् चप्पल घालून शेतात. करडई फुलावर आलीय, काट्यांनी पाय फाटतेत, तरी दिवसभर तिथंच.

गावात मात्र गोष्ट पसरली. कमल येऊन हसून हसून लोळली. म्हणली, आता पत्रिकेला नाणं ठेवून कोपरे गोल कापत जा, कुणी मरणार न्हाई. हसू दे. मी कोपरे आता कापणारच न्हाई. थेंब पडला तर पडू दे, थेंबाचं फुलपाखरू करता येतं. हे त्या दिवशी सुचलं असतं तर.

राहिलेली कार्डं पुरी केली. मामांचं, भावाचं, पिंगळीच्या मावशीचं. ती ज्याची त्याला हातानं नेऊन देणार.

२९ जानेवारी

हे काही केल्या हलायला तयार न्हाईत. मी बोलले, भांडले, बोलायचं सोडून बघितलं. येकच पालुपद, पाणी विचारलं न्हाई तिनं. मी म्हणलं, अन् तुमी सहा वर्षांत तिला काय विचारलं?

रात्री जेवताना सा.बा. ह्यांच्याशी बोलल्या. आवाज चढवला न्हाई. "बापू, मी मेले म्हणून ती तीन दिस रडली. मी बघितलं न्हाई, मंदानं सांगितलं. तू किती दिस रडणार हाईस ते मला आत्ताच सांगून ठेव. मागून मला कुणी सांगायला येणार न्हाई."

हे हात धुऊन उठले. मला वाटलं चिडले.

३१ जानेवारी

सकाळी उठले तर हे अंघोळ करून, पांढरं धोतर नेसून तयार. पिशवीत कुंकवाची पुडी, नारळ, खण. मी म्हणलं, कार्ड देऊ का येखादं, करडईचं हाय, चारी कोपरे धड असलेलं. म्हणले, काही नको. सा.बा.नी दारात येऊन बघितलं, हातावर दही ठेवलं. पहिल्या गाडीनं गेले.

दुपारी फोन आला ह्यांचा. आवाज एकदम बारीक. म्हणले, दाजी शेतात गेलेत. आक्का आत हाय. मी आलेलं बघितलं अन् दार लावून घेतलं. मी वसरीत बसलोय.

ह्या माणसाला मी ओळखते, आता पिशवी उचलून निघंल अन् मग जन्मात परत जाणार न्हाई.

"उठू नका," म्हणलं. "बसा तिथंच. पाणी लागलं तर मागून घ्या. पण उठू नका."

म्हणले, आतून भांड्याचा आवाज यायलाय. अन् फोन ठेवला.

तेव्हापासून काही न्हाई. मी लावला तर लागंना. प्राजूनं दोनदा फोन करून विचारलं, आत्या काय म्हणली. तिला काय सांगू.

हातात काम घेतलं, शाळेच्या कार्डांसाठी नवा ठसा कोरायला. मन लागंना, ब्लेड बोटाला लागलं. चिंधी बांधून बसले.

दिवस मावळला. जिंतूरची शेवटची गाडी आली, मी रस्त्यापर्यंत जाऊन बघितलं. चार माणसं उतरली, हे न्हवते. आक्काबी न्हवती.

घरी येऊन चूल पेटवली. पीठ मळताना सा.बा.ना विचारलं, आता काय समजायचं. म्हणल्या, आतून भांड्याचा आवाज यायला होता म्हणलीस न्हवं, मंग त्याच्या वाटणीची भाकर टाकू नको.

टाकली न्हाई.